छप्पन्न डिग्री, अर्धा तास

१२ जानेवारी २०२६, पुणे

रुपालीताई,

आधी पत्ता कुठून मिळाला ते सांगते, नाहीतर तुला वाटेल मी तुझ्या मागावर आहे. तू गेल्यावर सलिलदादाने तुझी पुस्तकं आणि स्वेटर खोक्यात भरून दारव्ह्याला पाठवले होते ना, त्या कुरिअरची पावती अजून लॅबच्या ड्रॉवरमध्ये आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. फक्त मलाच नाही, सगळ्या लॅबला, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं. तुझा युनिव्हर्सिटीचा मेलही बंद झालाय. म्हणून पत्र.

मराठीत लिहितेय कारण तू एकदा म्हणाली होतीस, ‘तुम्ही पोरी इंग्रजीत सॉरी म्हणता ना, ते बसमध्ये पाय पडल्यावर म्हणतात तसं वाटते.’ माझी सगळी शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे चुका असतील, चालवून घे. आणि हे काही सॉरीचं पत्र नाहीये. म्हणजे सहजच, खबरबात.

निसळ सर जूनमध्ये रिटायर होतायत. थर्ड इयर बीएस्सीला इम्युनॉलॉजी शेवटचं शिकवतायत आणि मी त्यांची असिस्टंट आहे. म्हणजे हजेरीचा कागद फिरवायचा आणि स्लाइड पुढे ढकलायच्या. तरी मला भारी वाटतं. परवाचा तास तर ऐकायला तू हवी होतीस.

सर म्हणाले, ‘रक्त गोठलं की वर जे पिवळट पाणी उरतं ते सिरम. त्यात दोघं राहतात असं समजा. एक अँटीबॉडी. ही अतिक्रमणावर लाल फुली मारून जाते. पाडत नाही, नुसती फुली. पाडायला जेसीबी लागतो, त्याचं नाव कॉम्प्लिमेंट. जेसीबी आला नाही, तर घरमालक फुलीवर कॅलेंडर लावतो आणि आरामात राहतो.’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. ‘आता हेच सिरम छप्पन्न डिग्रीला अर्धा तास ठेवा. जेसीबी मेला. फुली मारणारी ठणठणीत. आणि बाहेरून बघाल तर तोच रंग, तोच वास. म्हणून तापवलंत तर ट्यूबवर लिहा. नाही लिहिलंत तर तुम्ही काय केलंत हे फक्त देवाला ठाऊक, आणि देवाला माझ्या लॅबमध्ये एंट्री नाही. त्याने सेफ्टी ट्रेनिंग केलेलं नाही.’

मी पुढची स्लाइड ढकलायला विसरले. सर म्हणाले, ‘वल्लरी, आपण आमच्यात आहात का?’

बाकी एक. ऑफिसबाहेरच्या बोर्डावर रजिस्ट्रेशन संपणाऱ्यांची यादी लागलीये. त्यात तुझं नाव आहे, शेवटची तारीख ३१ मार्च. त्याआधी मुदतवाढ मागितली नाही तर तुझी पीएचडी बंद, चार वर्षं गेली. तुला माहीत असेलच. तरी सांगितलं.

आणि मला एक विचारायचंय. मार्केट यार्डातल्या हमालांचं सिरम आपल्या लॅबमधला तो जंतू मारतं आणि खराडीच्या आयटीवाल्यांचं मारत नाही, हे तू सेट एच्या ट्यूब्जवर केलं होतंस, त्याच रक्ताचा अर्धा वाटा सेट बी म्हणून राखून. त्या सगळ्या संपल्या. मागच्या फेब्रुवारीत सलिलदादाने तेच सेट बीवर करून बघितलं तर कुणाचंच सिरम काही मारेना, आणि मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तर सेट बी तू स्वतः कधी वापरला होतास का? म्हणजे तुझ्या भावाच्या, संतोषच्या लग्नाला गेलीस त्याच्या आधी?

सहज विचारतेय.

वल्लरी


२८ जानेवारी

रुपालीताई,

‘आयटम डिलिव्हर्ड, १९ जानेवारी, दुपारी १ वाजून ४२.’ स्पीड पोस्टचं हे पान मी इतक्या वेळा उघडलंय की फोन आपणहून तेच दाखवतो. म्हणजे पत्र तुझ्या घरात आहे. तुझ्या हातात आहे का ते साइटवर कळत नाही.

ठीक आहे, सहज नव्हतं.

जुलै २०२४. मला लॅबमध्ये येऊन तीन आठवडे झाले होते. तू संतोषच्या लग्नाला गावी गेली होतीस. सलिलदादा घाईत होता, जाता जाता म्हणाला, ‘मोठ्या फ्रीझरमधलं सिरम काढ, छप्पन्नला अर्धा तास ठेव, भरून परत ठेव. न तापवलेलं सिरम या लॅबमध्ये वापरायचं नाही, लिहून घे.’ मी लिहून घेतलं. तो वासराच्या सिरमबद्दल बोलत होता, पेशींना खायला घालतो त्या बाटल्यांबद्दल. ते मला आता कळतं. तेव्हा मला सिरम म्हणजे सिरम.

बाटल्या झाल्या. खालच्या कप्प्यात दोन निळे डबे होते. वर तुझ्या अक्षरात, ‘सिरम, मा. या., सेट बी’ आणि ‘सिरम, ख., सेट बी’. मला वाटलं, हे पण राहिलंय. ताई आल्यावर तिला एवढं सगळं करत बसावं लागेल, आपण करून ठेवू. वॉटर बाथमध्ये स्टँडवर ओळीने लावल्या. चौऱ्याऐंशी ट्यूब्ज. दोन वेळा थर्मामीटर घालून बघितलं, छप्पन्नच होतं. अर्ध्या तासाने काढल्या, पुसल्या, नंबराप्रमाणे लावून परत ठेवल्या. मला इतकं छान वाटलं होतं ना त्या दिवशी.

तू सोमवारी आलीस तेव्हा सांगणार होते. पण त्याच सकाळी माझ्या हातून मोठा सिलिंडर फुटला आणि तू म्हणालीस, ‘तुला हात लावायला सांगितलं नाही त्याला हात लावत जाऊ नको.’ मग मी म्हटलं, नंतर सांगू. मग विसरले. खरंच विसरले, ताई. मला तर वाटत होतं चांगलंच केलंय.

सरांच्या त्या तासाला पहिल्यांदा लक्षात आलं. तेव्हापासून नीट जेवण जात नाहीये. आई म्हणते अ‍ॅसिडिटी आहे, कोकम सरबत देते.

तू खोटं काही केलं नव्हतंस. ट्यूब्जच मेलेल्या होत्या. आकडे बनवल्याचा ठपका तुझ्यावर आला त्या मीटिंगमध्ये तू हेच सांगत होतीस.

मी सरांना सांगणार आहे. फक्त आधी खात्री करते. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून गेले तर सर काय म्हणतील तुला माहीत आहे.

प्लीज एक ओळ तरी लिही. शिवी पण चालेल.

वल्लरी


१० फेब्रुवारी

रुपालीताई,

खात्री झाली.

१ तारखेला, रविवारी, लॅबमध्ये कुणी नव्हतं. दुपारी गेले. सेट बीच्या तीन मार्केट यार्डच्या ट्यूब्ज घेतल्या, तीन खराडीच्या. फुली मारणारी जिवंत असेल आणि फक्त जेसीबी मेला असेल, तर बाहेरून जेसीबी आणून दिला की काम व्हायला पाहिजे, बरोबर ना? सलिलदादाकडे सशाचा कॉम्प्लिमेंट असतो, तो थोडा घेतला. न विचारता. (हे पण सांगायचंय सरांना. यादी वाढतेय.) सहाही ट्यूब्जमध्ये सारखाच घातला, जंतू सोडले, प्लेटवर पसरले.

सोमवारी सकाळी इन्क्युबेटरचं दार मी इतकं हळू उघडलं की सलिलदादा म्हणाला, ‘काय गं, आत साप आहे का?’

खराडीच्या तीन प्लेट्स भरून गेलेल्या, मोजायला जागा नाही. मार्केट यार्डच्या तीन प्लेट्सवर सात, अकरा, चार ठिपके. तुझ्या वहीत होतं तसंच. आणि नुसता सशाचा कॉम्प्लिमेंट घातलेली प्लेट, सिरम न घातलेली, ती पण भरलेली. म्हणजे ससा एकटा काही मारत नाहीये. मी फोटो काढले आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

मला आनंद व्हायला हवा होता. तुझ्यासाठी झालाही. पण तू खरी आहेस याचा पुरावा म्हणजे मी काय केलं याचाच पुरावा आहे. दोन वेगवेगळे नाहीयेत ते.

आता मी पुढे जे केलं ते वाचून तू चिडशील. मला वाटलं, एक रस्ता आहे. हमालांचं नवीन रक्त घेतलं, ताजं सिरम काढलं, तर तुझा निकाल आपोआप खरा ठरेल. तुझं नाव साफ. सेट बी का चालला नाही ते मग कोण विचारतंय. फ्रीझरचा दोष म्हणतील.

म्हणून शुक्रवारी मार्केट यार्डात गेले. कांद्याच्या गाळ्यांमागे ज्ञानदेवकाका भेटले, तू ज्यांच्या ओळखीने सगळ्यांना तयार केलं होतंस ते. पाठीवर पोतं होतं, खाली ठेवलं नाही, तसेच बोलले.

‘ती यवतमाळची ताई कुठं हाय?’

मी म्हटलं, ती गावी गेलीये, आता मी बघते.

‘तिनं रक्त नेलं तवा म्हनली, काय निघालं ते मी सोता येऊन सांगन. दोन वर्सं झाली. आमच्यातला एक जन रोज इचारतो, माज्या रक्तात काय खोट हाय का.’

‘नाही काका, उलट तुमचं रक्त भारी आहे,’ मी म्हटलं.

‘मग तिला सांगू द्या की. तुमी कोन? कागद कुटाय? त्या टायमाला मोठ्या सरांची सही होती.’

कागद नव्हता. सरांची सही कुठून आणणार, ते विचारतील ना कशाला हवंय. काका पोतं घेऊन गेले. मी रिक्षा मिळेपर्यंत तिथेच उभी होते आणि सगळे मला ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ करत होते.

घरी आईला सांगितलं. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, ‘मुद्दाम केलंस का?’

‘नाही.’

‘कुणी पाहिलं का?’

‘आई, तसं नाहीये ते.’

‘वीस तारखेला तुझा पीएचडीचा इंटरव्ह्यू आहे. तो होऊ दे, मग काय धुतल्या तांदळासारखं व्हायचं ते हो. नारायण पेठेत निम्म्या लोकांना मी सांगून बसलेय.’

मी आईवर ओरडले. पण ताई, खरं सांगू, तिने ते म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. वीस तारखेपर्यंत.

वल्लरी


२६ फेब्रुवारी

रुपालीताई,

वीस तारखेला इंटरव्ह्यू झाला. पॅनलवर सरही होते. बाहेरच्या मॅडमनी विचारलं, ‘लॅबमध्ये तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलात?’ मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं नाव लिस्टमध्ये दुसरं आहे.

आईने पेढे आणले. मी एकही खाल्ला नाही, असं लिहिणार होते. दोन खाल्ले.

सरांना सोमवारी सांगितलं. इंटरव्ह्यूनंतर. त्याआधी सांगायला अठरा दिवस होते. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वेगळं आठवायला नको.

सर पेपर तपासत होते. मी उभी राहून सगळं बोलले, एका दमात, जुलैपासून सशापर्यंत. त्यांनी हातातला पेपर पूर्ण तपासला, मार्क मांडले, पेनला टोपण लावलं.

‘किती ट्यूब्ज?’

‘चौऱ्याऐंशी, सर.’

‘तापमान तपासलं होतंत?’

‘हो सर. थर्मामीटरने. दोनदा.’

‘वा. म्हणजे चूक अगदी काटेकोर केलीत.’

मग फोटो मागितले. माझ्या फोनवर एकेक प्लेट मोठी करून बघितली, खूप वेळ. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, ‘मी रुपालीला म्हटलं होतं, ट्यूब्जना दोष देऊ नका, स्वतःकडे बघा. तुम्ही होतात ना त्या खोलीत?’

‘हो सर.’

‘एकतीस वर्षं मी हा तास घेतोय. छप्पन्न डिग्रीचा.’ त्यांनी पुढचा पेपर ओढून घेतला. मला जायला सांगितलं नाही, म्हणून मी उभीच.

मग त्यांनी मलाच विचारलं की त्या वेळी सलिलच्या निकालावर कुणीच शंका कशी घेतली नाही. मी म्हटलं, सर, त्याने कंट्रोलला, म्हणजे पडताळणीला, कुणाच्याही सिरमने मरणाऱ्या साध्या जंतूवर स्वतःचं ताजं सिरम वापरलं होतं, ते व्यवस्थित चाललं. ‘म्हणून प्रयोग खरा आणि मुलगी खोटी,’ सर म्हणाले. ‘फ्रीझरचा चार्ट मागवला मी. वर्षभराची सरळ रेघ. चार्ट मागवला आणि माणसांना विचारलं नाही.’

मग विचारलं, ‘तुमच्या कधी लक्षात आलं?’

‘जानेवारीत. तुमच्या तासाला.’

‘रोजचं काही लिहून ठेवता?’

‘डायरी आहे, सर. लॅबची नाही, माझी. त्यात ट्यूब्ज तापवल्याची नोंद आहे.’

‘आणा.’

१२ मार्चला डिपार्टमेंटची मीटिंग आहे. त्याच खोलीत, तेच लोक. सर तुझं प्रकरण परत ठेवणार आहेत आणि मला तिथे सगळं सांगायचंय. त्यांनी तुला दोनदा फोन लावला, लागला नाही. म्हणाले, ‘तुमचा पत्रव्यवहार आहे ना? मग कळवा.’

तर कळवलं. मुदतवाढीचा फॉर्म पुढच्या पत्रात पाठवते. तो तुझ्या सहीशिवाय जात नाही, सरांनी ऑफिसात भांडून पाहिलं.

वल्लरी


११ मार्च

रुपालीताई,

उद्या मीटिंग. हे पत्र आज पोस्टात पडलं पाहिजे, म्हणून जागची न हलता लिहून संपवणार आहे.

मी तुला खोटं सांगितलंय. प्रत्येक पत्रात. सरांनाही.

सरांच्या तासाला लक्षात आलं, हे खरं नाही. मला मागच्या वर्षीच कळलं होतं. १८ फेब्रुवारी २०२५, तुझ्या मीटिंगच्या दिवशी. सलिलदादाने भरलेल्या प्लेट्सचे फोटो पडद्यावर लावले आणि माझ्या डोक्यात आलं, या मी तापवल्या त्याच तर नाहीत? मी तोपर्यंत पुस्तकातला तो भाग वाचला होता. मला माहीत होतं छप्पन्नला काय होतं.

तू म्हणालीस, ‘माझ्या ट्यूब्जना काहीतरी झालं आहे, सर. कोणी हात लावला का, एवढं विचारा.’ आणि एकेकाकडे बघत गेलीस. माझ्यावर नजर आली तेव्हा मी लॅपटॉपची वायर नीट करत होते. तिला काही झालं नव्हतं.

मागून कुणीतरी इंग्लिशमध्ये म्हणालं, तिकडच्या कॉलेजांत आकडे असेच येतात. दोघं-तिघं हसले. तू ऐकलंस. मी तुझ्या मानेकडे बघत होते, त्यावरून कळलं. मला कुणी काही विचारलंच नाही. पुण्याची, चांगल्या घरातली, चटपटीत मुलगी, हिला काय विचारायचं. आणि ताई, सगळ्यात वाईट हे आहे. मी पण स्वतःला सांगितलं की बनवले असतील रुपालीताईने आकडे. कारण तसं असेल तर मला काही करायचं नव्हतं. थोडे दिवस मी ते खरं मानलं. तू सामान न घेताच निघून गेलीस त्या दिवशी पण मानत होते.

हे सगळं माझ्या डायरीत होतं. त्याच संध्याकाळचं. ‘सगळ्या प्लेट्स भरलेल्या. मी जुलैत तापवल्या त्याच नाहीत ना? ५६??? उद्या विचारू. नको, ताई आधीच चिडलीये.’ चिडलीये, असं लिहिलं होतं मी. तुझं सगळं संपत होतं आणि मी चिडलीये लिहिलं.

सरांनी डायरी आणायला सांगितली त्या संध्याकाळी मी ते पान फाडलं. पट्टी लावून, अगदी शिवणीपाशी. मग डायरी दिली. सरांनी जुलैचं पान वाचलं, मग फेब्रुवारीपर्यंत चाळत गेले. एका जागी थांबून कडेवरून बोट फिरवलं. डायरी कपाटात ठेवली.

पंधरा दिवस मी वाट बघत होते की ते विचारतील. जिन्यात भेटले की मान खाली. वर्गात मला ‘पुढची स्लाइड’ म्हणाले तरी मी दचकायचे. त्यांनी विचारलं नाही.

आज सकाळी पान घेऊन गेले. टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं.

‘हे फाडलंत कधी?’

‘तुम्ही डायरी मागितलीत त्या संध्याकाळी.’

‘मग आज का आणलंत?’

मी उत्तर पाठ करून गेले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. ‘उद्या सगळ्यांसमोर तुम्ही विचाराल म्हणून.’

‘मी विचारणार नव्हतो,’ सर म्हणाले. ‘कडा दिसली होती मला. ठरवून टाकलं होतं की विचारायचं नाही. चूक कबूल केलीय, मुलगी हुशार आहे, माझे तीन महिने राहिलेत.’ मग पान डायरीत परत ठेवलं, जिथून फाटलं होतं तिथे. ‘म्हणजे गेल्या वर्षी केलं तेच पुन्हा करत होतो. फक्त त्या वेळी एकीला विचारत सुटलो होतो आणि या वेळी दुसरीला सोडत होतो.’

मी रडेन असं वाटलं होतं. नाही रडले. ‘येते’ म्हटलं आणि खाली आले.

सरांकडे नेण्याआधी काढलेली पानाची झेरॉक्स या पाकिटात आहे. उद्या मी घाबरून काही गाळलं, तर तुझ्याकडे असू दे. सोबत मुदतवाढीचा फॉर्म. तीन ठिकाणी सही लागते, मी पेन्सिलने खुणा केल्यात. १९ ला पाडव्याची सुट्टी आहे, पोस्ट बंद, म्हणून त्याआधी टाक. माझ्यावरचा राग या फॉर्मवर काढू नकोस. तो सरांच्या नावाने पाठव, मला दिसलाही नाही तरी चालेल.

वल्लरी


२५ मार्च

रुपालीताई,

फॉर्म काल आला. सरांनी पाकीट माझ्यासमोर फोडलं. तीन सह्या, आणि माझ्या पेन्सिलच्या खुणा खोडरबराने पुसलेल्या. सर स्वतः ऑफिसात घेऊन गेले आणि शिक्का मारून पोच घेऊनच परत आले. तुला सहा महिने मिळाले.

फॉर्मबरोबरचं तुझं पत्र सरांनी मला वाचायला दिलं. सेट बी तू स्वतः उघडणार. ट्यूब्जचे नंबर बाहेरच्या डिपार्टमेंटच्या माणसाने झाकायचे, यादी त्याच्याकडेच राहणार. प्लेट्स तिघांनी वेगवेगळ्या मोजायच्या. मार्केट यार्डात पहिल्या दिवशी जायचं. सर म्हणाले, ‘माझ्या रिटायरमेंटच्या भाषणापेक्षा हे बरं लिहिलंय.’ पत्रात माझं नाव कुठेच नाहीये. मी तीनदा वाचलं, म्हणून माहीत आहे.

मीटिंगबद्दल तुला सर सांगतील. मी सगळं बोलले. पानाचंही. शेवटी शेवटी आवाज बसला, सलिलदादाने पाण्याची बाटली सरकवली आणि मग म्हणाला, मलाही बोलायचंय, सूचना मी दिली होती आणि अर्धवट दिली होती. त्याच्या मनाला ते खूप लागलंय. मागून तिकडच्या कॉलेजांबद्दल बोलले होते ते सर या वेळी पहिल्या रांगेत बसले होते. निसळ सरांनी त्यांच्याकडे बघत सांगितलं की विभागाने रुपालीला लेखी माफी द्यायची आहे, मसुदा मी करतो, सही सगळ्यांची.

माझी सीट या वर्षी रद्द झाली. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, पण या लॅबसाठी नाही, लॅबच नसेल. आई दोन दिवस बोलली नाही. मग परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय गं, वल्लरीचं पीएचडीचं काय झालं?’ तर आई म्हणाली, ‘तिने स्वतःहून मागे घेतलंय, तुमच्या तेजसला विचारा कसं घेतात.’ तेजसने इंजिनिअरिंग दोनदा सोडलंय. म्हणजे आई ठीक आहे.

मी ठीक आहे का ते माहीत नाही. मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. भूक परत आलीये, एवढंच. बाकी सकाळी उठले की पहिल्या क्षणाला कळत नाही, आणि मग कळतं.

तू सोमवारी येतेस. ट्रॅव्हल्सवर घ्यायला सलिलदादा येणार आहे. मला नको म्हणाले सर, बरोबर आहे ते. लॅबचं कार्ड त्यांनी जमा करून घेतलंय. जूनपर्यंत मी तळमजल्यावर फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला असते, अकरा ते पाच. मुलांना प्लेटवर जंतू पसरवायला शिकवते. परवा एकीने विचारलं, ‘मॅम, चुकलं तर?’ मी तिची प्लेट उजेडात धरून बघायला लागले, तर ती म्हणाली, ‘असू दे, मी दुसरी घेते.’ मग तिला थांबवून आधीच्या प्लेटवर नाव, तारीख आणि काय चुकलं ते लिहायला लावलं. ती वैतागली.

तुला माझं तोंड बघायचं नसेल, तर सोपं आहे. मी चारला चहासाठी वर कँटीनला जाते, वीस मिनिटांनी उतरते, आणि जिन्यानेच जाते-येते. त्या वेळात तू लिफ्टने जा, म्हणजे आपली गाठ पडणार नाही. बाकी वेळ मी प्रॅक्टिकल रूममधून बाहेर येत नाही.

आणि कधी काही बोलायचं असेल, तर त्याच वेळात जिना.

वल्लरी